कोड मोकळा, लिहिणारा अडकला

परवा बेळगावात आरपीडी क्रॉसच्या कट्ट्यावर बाळ्यानं विषय काढला आणि रोज आठला उठून घरी जाणारे अण्णा चहावर चहा मागवत बसून राहिले. बाळ्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनचं कंट्रोल बघतो आणि रात्री घरी बसून लिनक्स कर्नलला, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याला, बारीकसारीक पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवतो. एका ड्रायव्हरमधली, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या कोडमधली, चूक त्याला सापडली होती. ती दुरुस्त करून पाठवायला गेला, तर ज्याच्याकडं पाठवायची त्याचं नावच यादीतून गेलेलं.

“गेलं म्हणजे? वारला काय तो?” अण्णांनी विचारलं.

“वारला नाही अण्णा. रशियन हाय.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कर्नलमध्ये मेंटेनर्स नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. प्रत्येक भागाची एक नोंद. ‘एम’पुढं सांभाळणाऱ्याचं नाव आणि ईमेल, ‘एस’पुढं त्या भागाची स्थिती, ‘एफ’पुढं त्याच्या ताब्यातल्या फाईली. तुम्ही पॅच लिहिला की एक छोटी स्क्रिप्ट ही यादी वाचते आणि कुणाला पाठवायचा ते सांगते. म्हणजे ‘एम’ची ओळ पुसली की माणूस वर्षानुवर्षं सांभाळलेल्या कोडबद्दलच्या बोलण्यातूनच बाहेर पडतो. त्याच्याकडं पॅच येणंच थांबतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये कर्नलच्या वरिष्ठ मेंटेनरांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी अशा डझनभर नोंदी एका पॅचमध्ये काढल्या. बहुतेक पत्ते ‘डॉट आरयू’वाले, म्हणजे रशियातले. कारण काय, तर कायदेशीर अटींची पूर्तता. पुरेशी कागदपत्रं दिली तर परत येता येईल. कुठली कागदपत्रं, कुणाकडं द्यायची, त्याचा पत्ता नाही. लोकांनी आरडाओरडा केल्यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी बदल मागं घेणार नाही म्हणून ठणकावलं. मी फिनलंडचा, रशियाच्या आक्रमणाला पाठिंबा देईन असं वाटलं काय, असंही सुनावलं. नीट खुलासा आला तो नंतर, कर्नलचेच एक जुने मेंटेनर जेम्स बॉटमली यांच्याकडून: तुमची कंपनी अमेरिकेच्या अर्थखात्याच्या निर्बंध यादीत असेल, किंवा तसल्या कंपनीच्या मालकीची असेल, तर तुमचं नाव मेंटेनर्समध्ये ठेवता येणार नाही.

“मग बरोबरच हाय की,” आमच्या कट्ट्यावरचा वकील म्हणाला. “लिनक्सचं काम बघणारं लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेलं. टॉरवाल्ड्स राहतात अमेरिकेत. तिथला निर्बंधांचा कायदा जाणूनबुजून मोडला तर 20 वर्षांपर्यंत तुरुंग. तुझ्या ड्रायव्हरसाठी त्या माणसांनी आत जाऊन बसायचं काय? आणि तिकडं युक्रेनमध्ये माणसं मरायलीत, ते कुणी बोलायचं?”

“मी कुठं नाही म्हणालो?” बाळ्या तापला. “पण त्यानं काय रणगाडा केलाय? मी पॅच पाठवलो तेव्हा ओळीओळीनं चूक दाखवलाय त्यानं मला. फुकट.”

मास्तरांनी मध्येच हुआवेची गोष्ट काढली. पॉलिटेक्निकला शिकवतात, मुद्दा सोडत नाहीत. हुआवे ही चिनी कंपनी मे 2019 पासून अमेरिकेच्या काळ्या यादीत आहे, तरी तिचे इंजिनिअर कर्नलला ढिगानं पॅच देतात. त्यांना कुणी हात लावला नाही. मग रशियनांनाच का?

इथं वकिलानं जे सांगितलं ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात उपयोगी वाटलं. याद्या दोन आहेत. एक व्यापार खात्याची, ती निर्यातीवर बंधन घालते. सगळ्यांसाठी खुला केलेला कोड सहसा त्यात येतच नाही, म्हणून हुआवेचं निभावतं. दुसरी अर्थखात्याची. त्या यादीतल्याशी व्यवहारच करायचा नाही, सेवा द्यायचीही नाही, घ्यायचीही नाही. पॅच तपासणं, मेंटेनर म्हणून अधिकार देणं हे सगळं त्यात ओढलं जाऊ शकतं. कोड खुला असला तरी त्याभोवतीचा माणसामाणसांतला व्यवहार कायद्याच्या कक्षेत येतो.

माझं म्हणणं एवढंच की खुल्या कोडचं लायसन्स कोडला जपतं, लिहिणाऱ्याला जपत नाही, आणि हे आपल्याला आधी कुणी सांगतच नाही. जुलै 2019 मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या अमेरिकन वेबसाईटनं इराण, सीरिया, क्रिमिया इथल्या लोकांची खाती जखडली. खुले प्रकल्प दिसत राहिले, पण खासगी रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, ठेवलेलं स्वतःचं काम उतरवून घेता येईना. इराणपुरतं सगळं परत खुलं व्हायला जानेवारी 2021 उजाडलं, तेही अमेरिकन सरकारचा परवाना मिळाल्यावर. त्या मुलांनी कुठलं सरकार निवडलं होतं?

“आपल्याला काय नवीन हाय त्यात,” अण्णा म्हणाले. “1956 ला नकाशावर रेघ मारून बेळगाव तिकडं टाकलं तेव्हा विचारलं काय आपल्याला?”

“नाही अण्णा,” मास्तर म्हणाले, “आपलं वेगळं. 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा तरी हाय. त्या रशियन पोरानं दाद कुठं मागायची? फाईलमधनं नाव गेलं, संपलं.”

अण्णा गप्प बसले नाहीत, पण मला मास्तरांचं पटलं. कायद्यापुढं इलाज नसेलही. पण आधी कळवणं, कुठल्या कलमाखाली ते सांगणं, काय दिलं तर परत घेऊ ते लिहिणं, हे कुठल्या कायद्यानं अडवलं होतं? कर्नलमध्येच क्रेडिट्स नावाची फाईल आहे, जुन्या लोकांच्या कामाची नोंद ठेवायला. पुसलेलं नाव त्याच पॅचमध्ये तिकडं नेता आलं असतं. मला राग आहे तो याचा.

मास्तर पुढं पोखरणवर गेले. 1998 च्या स्फोटांनंतर इस्रो आणि डीआरडीओ अमेरिकेच्या यादीत गेले आणि त्यातून पुरते सुटायला 2011 उजाडलं. तेव्हा आजच्यासारखं सगळं काम एकाच वेबसाईटवर नव्हतं. आज तसं झालं तर उद्यमबागेतली किती पोरं रात्रीत बाहेर पडतील? लांब कशाला, जुलै 2025 मध्ये युरोपनं रशियन भागीदारी असलेल्या नायारा तेलकंपनीवर निर्बंध घातले आणि तिच्या गुजरातमधल्या रिफायनरीच्या माणसांचे मेल मायक्रोसॉफ्टनं बंद केले. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सुरू झाले.

“म्हणूनच रिस्क-फाईव्हवाले, ते खुल्या चिप डिझाईनचे, अमेरिकेतनं स्वित्झर्लंडला गेले,” बाळ्या म्हणाला.

“आणि 2022 ला स्वित्झर्लंडनं युरोपचे रशियावरचे निर्बंध स्वतःही लागू केले,” वकील म्हणाला. “पत्ता बदलून कायदा सुटत नाही. ते राहू दे. तू पॅच कुठल्या मेलवरनं पाठवायलास?”

“कंपनीच्या.”

“तुझी कंपनी अमेरिकेला माल पाठवते?”

“पाठवते की. विमानाचे पार्ट.”

“मग कंपनीच्या मेलवरनं त्या रशियनाचं नाव सीसीत घालू नको. भारताचे निर्बंध नाहीत, पण तुझ्या मालकाला तिकडून प्रश्न येईल.”

“घरच्या मेलवरनं पाठव,” अण्णा म्हणाले. “त्यानं लिहिलेलं हाय ते. दुरुस्त झालं म्हणून त्याला कळू दे की.”

वकिलानं मान हलवली, पण नको म्हणाला नाही. बाळ्यानं तिथंच फोनवर जुन्या मेलमधून त्याचा पत्ता शोधायला घेतला.