चाचणीचा तुकडा झाला, पुढे मोजणार कोण?

‘संशोधनाला निधी वाढवला की रस्ते सुधारतील’ हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ पासून काम करतेय. मुंबई-गोवा महामार्गावर स्टील स्लॅग (पोलाद बनवताना उरणारी मळी) वापरून रस्त्याचा चाचणीचा तुकडा झाला, तो तिच्याच तंत्रज्ञानाने. पण असा तुकडा कसा टिकतो ते पुढचे चार-पाच पावसाळे मोजत राहायला माणूस आणि पैसा लागतो. त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी!

मी कोकणात रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होतो. आमच्याकडच्या एका प्रायोगिक पट्ट्यावर नव्या मिश्रणाचं डांबर उत्तम बसलं होतं, पण कडेचं गटार दरडीच्या मातीने बुजलं. पाणी तुंबलं, साइडपट्टी खचली आणि कागदावर शेरा पडला, ‘मिश्रण अयशस्वी’. गटाराची नोंद कुणी केलीच नाही.