आलँच्या नावाचे पाच स्वर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. फ्रेंच संगीतकार मॉरिस दुरुफ्ले यांच्या ‘आलँ या नावावरील प्रेल्यूड आणि फ्यूग’ (प्रेल्यूड म्हणजे प्रास्ताविक भाग; फ्यूग म्हणजे एकच धून निरनिराळ्या आवाजांत एकामागून एक आणत गुंफलेली रचना) या ऑर्गनसाठीच्या रचनेवर मी लिहिलेल्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. नावातील अक्षरांवरून स्वर काढणे हा निव्वळ कोडे सोडवण्याचा प्रकार असून त्यातून भाव उमटणे शक्य नाही, हा पहिला. आणि मी जिला शोकगीत म्हटले तिच्यात शोक ऐकूच येत नाही, हा दुसरा.

दुसऱ्या आक्षेपात आपले बरोबर आहे. फ्रेंच संगीतकार व ऑर्गनवादक जेआँ आलँ दुसऱ्या महायुद्धात २० जून १९४० रोजी फ्रान्समधील सोम्यूरजवळ लढताना मारले गेले, तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते, आणि १९४२ मध्ये दुरुफ्ले यांनी ही रचना त्यांच्याच स्मृतीला अर्पण केली; या हकिकतीच्या भरात मी तो शब्द वापरला. प्रेल्यूडमधील अखंड धावणाऱ्या, हलक्या स्वरावलीला शोकगीत म्हणता येत नाही. तो शब्द मी मागे घेतो.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. पाश्चात्त्य स्वरांना ए ते जी ही अक्षरे आहेत, जर्मन पद्धतीत एच हेही एक. त्यापुढच्या अक्षरांसाठी कोष्टक ठरवावे लागते, आणि ते एकच नाही. १९०९ मध्ये जुन्या काळचे संगीतकार हायडन यांच्या नावावर राव्हेल आदी संगीतकारांनी रचना केल्या, तेव्हा एन या अक्षराला जी हा स्वर मिळाला होता. त्या कोष्टकाने आलँ (रोमन लिपीत ए-एल-ए-आय-एन) हे नाव ए, ई, ए, बी, जी असे झाले असते. दुरुफ्ले यांच्या रचनेत एचनंतर आय हे अक्षर पुन्हा ए या स्वरावर येते, त्यामुळे नाव ए, डी, ए, ए, एफ असे वाजते. डी हा षड्ज मानला, तर हे स्वर म्हणजे पंचम, षड्ज, पुन्हा दोनदा पंचम आणि कोमल गंधार. म्हणजे डी मायनर या स्वरसंगतीचे तिन्ही मूळ स्वर यात आले आणि ते सहज गुणगुणता येतात. कोष्टकाने फक्त बीज दिले. त्यातून प्रेल्यूडची धावती आकृती आणि फ्यूगचा शांत, सहा-आठच्या तालातील पहिला विषय (म्हणजे मुख्य धून), अशा दोन इतक्या भिन्न प्रकृतीच्या गोष्टी घडवणे हे कोष्टकाचे काम नव्हे. पुढे सोळांश, म्हणजे अगदी लहान कालावधीच्या, स्वरांचा दुसरा विषय येतो, आणि अखेरीस दोन्ही विषय एकमेकांवर रचले जातात. तेथपर्यंतची चढण मला तरी या रचनेतील सर्वांत कसदार भाग वाटते.

भाव कोठे आहे, असे आपण विचारता. माझ्या मते तो प्रेल्यूडच्या शेवटी आहे. आलँ यांनी १९३७ मध्ये ‘लितानी’ ही ऑर्गन-रचना केली होती. एकच आळवणी आवेगाने पुन्हा पुन्हा करणारी ती प्रार्थना आहे. दुरुफ्ले सगळी धावपळ थांबवतात आणि तीच धून अगदी संथ, हळू आवाजात वाजू देतात. मित्राच्या नावापासून निघालेले संगीत तेथे त्याच्या स्वतःच्या सुरांपाशी येऊन थांबते, आणि त्यानंतरच फ्यूग सुरू होतो. आपण आधी ‘लितानी’ ऐकावी आणि मग हा प्रेल्यूड शेवटपर्यंत ऐकावा, अशी मनापासून विनंती आहे. त्यानंतरही आपले मत कायम राहिले, तर ते मला अवश्य कळवावे.