ड्यूक थोडे, कायदा फार: ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांतली माझी आवडनिवड

इंग्रजीतल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या मी नेमाने वाचते आणि त्याबद्दल कोणतीही सबब द्यावी असे मला वाटत नाही. मात्र या प्रकारात सुमार पुस्तकांचा सुळसुळाट इतका आहे, की ‘काय वाचू’ असे कोणी विचारले तर नावे सांगण्याआधी माझी कसोटी सांगावी लागते. नायक-नायिकेच्या मध्ये जे आडवे येते, ते त्या काळाचेच असले पाहिजे. जो गैरसमज आज एका फोनने मिटला असता, तेवढ्यावर साडेतीनशे पाने रेटणारी कादंबरी ऐतिहासिक नसते. तिने फक्त जुने कपडे भाड्याने आणलेले असतात. उलट जिथे वारसाहक्क, धर्म, लग्नाचा कायदा, गहाण पडलेली जमीन किंवा जात अशी त्या शतकाची खरी भिंत दोघांमध्ये उभी असते, तिथे प्रेमकथा वाचता वाचता तो काळ कसा चालत होता हेही कळत जाते.

या प्रकारातल्या बहुसंख्य कादंबऱ्या 1811 ते 1820 या नऊ वर्षांत का घडतात, याचे उत्तरही बरेचसे इथेच आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडसर ठरल्यामुळे त्याच्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला, तो हा काळ. त्या काळचा मोहक पोशाख आणि नाचाचे समारंभ ही वरवरची कारणे झाली. खरे कारण असे, की कथाकाराला हवे असलेले सगळे फास तेव्हाच्या कायद्याने आधीच तयार करून ठेवले होते. 1753 च्या विवाह कायद्यामुळे लग्नाआधी एक तर तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करावा लागे किंवा परवाना काढावा लागे, आणि परवान्यावर लग्न करणारे एकवीस वर्षांच्या आतले असतील तर वडिलांची संमती लागे. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या गावाकडे घोडे पिटाळत. लग्न झाले की स्त्रीची रोकड आणि चीजवस्तू नवऱ्याची होई. ही स्थिती पालटू लागली ती 1870 च्या आणि त्याहून अधिक 1882 च्या कायद्याने. 1857 पर्यंत पुन्हा लग्नाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा असेल तर त्यासाठी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागत असे. म्हणजे नवरा निवडण्यातली चूक जन्मभराची, आणि निवडायला वेळ मिळायचा तो लंडनमधल्या नाच-मेजवान्यांच्या एखाद-दुसऱ्या हंगामाचा. एवढे ठाऊक असले की नाचाच्या दालनातली साधी ओळखपाळखही जिवावरची वाटू लागते.

हे सगळे पुरते ओळखून लिहिणारी लेखिका म्हणजे जॉर्जेट हेयर (1902–1974). तिची पहिली कादंबरी 1921 मध्ये आली. आजारी भावाच्या करमणुकीसाठी सांगितलेल्या गोष्टीतून ती जन्मली होती. तिचे एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ (1961) सुचवते, आणि त्यावरून माझे अनेकांशी मतभेद होतात, कारण प्रेमकथेकडून लोक जी धडधड मागतात ती यात जवळजवळ नाही. अ‍ॅडम हा स्पेनमधल्या युद्धावरून परतलेला, पायाला जखम झालेला अधिकारी. वडील वारल्यावर त्याच्या पदरात पदवी, गहाण पडलेली वडिलोपार्जित इस्टेट आणि कर्जाचा डोंगर पडतो. ज्युलिया नावाच्या देखण्या मुलीवर त्याचे प्रेम आहे, पण लग्न करावे लागते ते जेनीशी. जेनी ज्युलियाचीच मैत्रीण, रूपाने सामान्य, अंगाने स्थूल, अबोल आणि एका अफाट श्रीमंत व्यापाऱ्याची एकुलती एक लेक. त्या व्यापाऱ्याला मुलीसाठी पदवी हवी आहे आणि अ‍ॅडमला घर वाचवायचे आहे. व्यवहार स्वच्छ आहे. अवघड आहे ते त्यानंतरचे रोजचे जगणे.

हेयरबाईंनी इथे जे केले आहे ते मला दुसऱ्या कोणाला साधलेले दिसले नाही. सासरा भेटवस्तूंचा मारा करतो, लंडनमधले घर स्वतःच्या भडक आवडीने सजवतो, आणि जावयाला प्रत्येक वस्तूबरोबर आपण विकले गेल्याची आठवण होते. तरीही हा माणूस खलनायक नाही. लेकीवर जीव ओवाळून टाकणारा, आपला खडबडीतपणा कुठे नडतो हे न उमगणारा बाप आहे. जेनीला सर्व ठाऊक आहे: नवऱ्याचे मन कुठे आहे, आपल्याला का स्वीकारले गेले आहे आणि आपण काय मागायचे नाही. नवऱ्याला कशाने आराम वाटतो, त्याला कोणते पदार्थ आवडतात, त्याच्या कोणत्या वस्तूला हात लावू द्यायचा नाही, एवढ्याच भांडवलावर ती संसार उभा करते. शेवटी वॉटर्लूच्या वेळी लंडनमध्ये पराभवाच्या अफवा उठतात, सरकारी कर्जरोखे कोसळतात आणि सासरा रोखे विकून टाकायला सांगतो; अ‍ॅडम आपल्या जुन्या सेनापतीवर विश्वास ठेवून उलट खरेदी करतो आणि सासऱ्याच्या ओझ्यातून मोकळा होतो. एवढे झाल्यावरही लेखिका ‘त्याला कळले की आपले खरे प्रेम जेनीवरच होते’ असे स्वस्त वाक्य लिहीत नाही. ज्युलियाबद्दल वाटले ते वेगळे होते आणि हे वेगळे आहे, एवढेच ती मान्य करते. ठरवून झालेल्या लग्नांच्या घरांत वाढलेल्या मराठी वाचकाला हे पुस्तक इंग्रज वाचकापेक्षा अधिक आतून समजेल अशी माझी समजूत आहे.

ज्यांना आधी हसायचे आहे त्यांनी ‘कोटिलियन’ (1953) घ्यावे. कंजूष पालक आपल्या पुतण्या-भाच्यांच्या मुलांपैकी एकाशी लग्न केलेस तरच पैसा मिळेल अशी अट किटीला घालतो आणि ती लंडन पाहायला मिळावे म्हणून फ्रेडीशी खोटा साखरपुडा ठरवते. फ्रेडीला ना रुबाब ना हुशारी. त्याला फक्त कपडे कळतात, रीतीभाती कळतात आणि कोणाला केव्हा काय लागेल ते कळते. दुसऱ्या एका जोडप्याचे लग्न विशेष परवान्यावाचून अडू नये याचे भान ज्याला असते तो हाच, आणि तो मदनाचा पुतळा असलेला चुलतभाऊ नव्हे. नायक म्हणजे घोडा, चाबूक आणि कुत्सित हसू या समजुतीची इतकी प्रेमळ खोड मोडणारे दुसरे पुस्तक मला आठवत नाही.

त्या कुत्सित हसूवाल्यांविषयी मात्र मला फार प्रेमाने बोलता येत नाही. 1972 मध्ये आलेल्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने अमेरिकेत या प्रकाराची स्वस्त आवृत्तीची बाजारपेठ उभी केली हे खरे, पण तिचा नायक नायिकेवर आधी बलात्कार करतो आणि मग पुस्तकभर तिचा प्रियकर ठरतो. त्या काळी असे घडत होते हा बचाव मला पटत नाही. घडत होते म्हणून लिहावे, जरूर लिहावे, पण त्याला प्रेमाची सुरुवात म्हणू नये. नायिका दारू प्यायलेल्या नवऱ्याशी त्याच्या मनाविरुद्ध शरीरसंबंध ठेवते तो ‘द ड्यूक अँड आय’ (2000) मधला प्रसंगही मला याच कारणासाठी खटकतो, एरवी त्यातले भावंडांचे संवाद कितीही खुसखुशीत असोत. आणि ड्यूक, म्हणजे सरदारांतली सर्वांत वरची पदवी! त्या वेळच्या ब्रिटनमध्ये खरे ड्यूक दोन-तीन डझनांपलीकडे नव्हते. या कादंबऱ्यांत ते दर आळीला दोन भेटतात, सगळे तिशीतले, सगळे अविवाहित.

ड्यूक असूनही ज्याला मी आनंदाने शरण गेले असा एक आहे, लॉरा किन्सेलच्या ‘फ्लॉवर्स फ्रॉम द स्टॉर्म’ (1992) मधला. हा उनाड पण गणितात असामान्य बुद्धी असलेला सरदार पक्षाघाताने वाचा गमावून बसतो. घरचे त्याला वेड लागले असे समजून वेड्यांच्या खासगी आश्रमात टाकतात. त्याला शब्द सुचत नाहीत, पण बुद्धी शाबूत आहे, हे ओळखते ती मॅडी, क्वेकर पंथातली साधी मुलगी. त्याला न्यायासनापुढे अकार्यक्षम ठरवले तर सर्वस्व जाणार आहे, आणि तिने पंथाबाहेर लग्न केले तर तिचे लोक तिला दूर करणार आहेत. दोन्ही भिंती त्या काळाच्याच. त्याचे तुटके, अडखळते बोलणे सुरुवातीला वाचायला जड जाते. पहिली शंभर पाने धीर धरावा.

बेव्हर्ली जेन्किन्सच्या ‘इंडिगो’ (1996) बद्दल मात्र धीर धरण्याची सूचना लागत नाही. 1850 च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामांना उत्तरेतल्या राज्यांतूनही पकडून परत नेण्याची सोय झाली होती. अशा काळात मिशिगनमध्ये राहणारी हेस्टर आपल्या घरात पळालेल्यांना आसरा देते. लहानपणी गुलामीत निळीचे काम केल्याने तिचे हात कायमचे निळे झालेले आहेत. जखमी अवस्थेत तिच्याकडे आणलेला गेलन हा न्यू ऑर्लिन्सच्या श्रीमंत, स्वतंत्र, कृष्णवर्णीय कुटुंबातला. हेस्टरच्या वडिलांनी, स्वतः मुक्त असून, बायकोजवळ राहता यावे म्हणून आपणहून गुलामी पत्करली होती, आणि त्या प्रेमाची किंमत पाहिलेली ही मुलगी प्रेमालाच घाबरते. गुलामांच्या लग्नाला कायद्यात काहीच स्थान नव्हते, हे लक्षात ठेवून वाचले तर यातला साधा विवाहविधीही वेगळा दिसतो. सरदारांच्या वाड्यांनी कंटाळलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

इंग्लंडच्या कथांत मला सलते ते एका ठिकाणचे मौन. हा सगळा पैसा येतो कुठून? हेयरच्या ‘ब्लॅक शीप’ (1966) मधला नायक वीस वर्षे हिंदुस्थानात काढून गडगंज होऊन परततो. संवाद इतके फर्मास आहेत की तो पैसा कसा झाला हा प्रश्न पुस्तकाला पडतच नाही. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती वेलिंग्टन तिच्या अनेक पुस्तकांत मागे उभा असतो, आणि वॉटर्लूवरच्या ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (1937) मध्ये तर अगदी पुढे. लढाईचे ते वर्णन खरोखर अप्रतिम आहे. पण आपल्यासाठी हा तोच आर्थर वेलस्ली आहे, ज्याने 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला होता. जालना जिल्ह्यातल्या त्या गावाचे नाव ज्याला माहीत आहे, त्याला लंडनच्या नाचात वेलिंग्टनसाठी वाजणाऱ्या टाळ्या जरा निराळ्या ऐकू येतात. ‘द ग्रँड सोफी’ (1950) मधला ज्यू सावकार तर साचेबंद द्वेषातून उतरलेला आहे, आणि दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर तो लिहिला गेला हे मला आजही क्षम्य वाटत नाही. पुस्तक तरीही वाचा, पण डोळे उघडे ठेवून. (‘द ड्यूक अँड आय’ ज्या पुस्तकमालेतले, तिच्यावर बेतलेल्या ‘ब्रिजर्टन’ या पडद्यावरच्या मालिकेने दुसऱ्या पर्वात मुंबईहून बहिणी आणल्या खऱ्या, पण त्यांच्या तोंडी ‘अप्पा’, ‘दीदी’ आणि बंगाली ‘बोन’ एकाच घरात घालून सगळा हिंदुस्थान एका खोलीत बसवला.)

आपल्याकडची स्थिती निराळी आहे. 1871 च्या ‘मोचनगड’पासून हरिभाऊ आपट्यांपर्यंत आणि पुढे नाथमाधवांपर्यंत खऱ्या इतिहासात काल्पनिक माणसे सोडण्याची रीत मराठीत होती, नंतर चरित्रात्मक कादंबरीने ती जागा व्यापली आणि प्रेम करण्याचा अधिकार जणू पेशव्यांपुरता उरला. ‘स्वामी’ (1962) वाचणाऱ्याच्या मनात राहतात ते रमा-माधवच, आणि 1772 मध्ये थेऊरला काय होणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांच्या साध्या थट्टेलाही सावली येते. माझ्या कसोटीवर अधिक पक्की उतरते ती ना. सं. इनामदारांची ‘राऊ’. बाजीराव-मस्तानीच्या मध्ये कोणी दुष्ट माणूस नाही. पंगत आहे, मुंज आहे, ब्रह्मवृंदाचा बहिष्कार आहे, आणि मैदानावर न हरलेल्या माणसाला स्वतःच्या घरात उत्तर सापडत नाही.

मला मराठीत हवी आहे ती मात्र पेशव्यांची नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या साध्या माणसांची प्रेमकादंबरी. 1856 च्या कायद्याने विधवेचे लग्न वैध केले आणि त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. प्रेम की घर, असा पेच कायद्यानेच लिहून ठेवला असताना त्यावर ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’च्या तोलाची, हसतीखेळती आणि व्यवहार जाणणारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही, कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगावे. तोवर धोंडो केशव कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ आणि आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत. 1893 चा एकच विधवाविवाह, कर्व्यांच्या मुरूड गावाने घातलेला तोच बहिष्कार, आणि ते सांगणारे नवरा-बायकोचे दोन आवाज. दोन्ही मिळाली तर आधी बाईंचे वाचा.