‘तरुण वाचत नाहीत’ म्हणून पुस्तकखरेदी थांबवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मोबाईल येण्यापूर्वी घरोघरी तरुण मुले पुस्तके वाचत असत, आजचा तरुण एकही पुस्तक वाचत नाही, पडद्यावरील वाचनाने मेंदू कायमचा निकामी होतो, आणि सीमाभागातील मुलांना मराठी पुस्तक नकोच असल्यामुळे गावोगावच्या वाचनालयांनी खरेदी बंद करून तो पैसा दुसरीकडे वळवावा. मी याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु बेळगाव तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाच्या समितीवर असलेल्या माझ्या मामांनी तो मजकूर बैठकीत वाचून दाखवला आणि यंदाची पुस्तकखरेदी पुढे ढकलली गेली. त्यामुळे आता गप्प बसणे योग्य नाही.

घरोघरी वाचन चालत असे, हे कोणी मोजले होते? नॅशनल बुक ट्रस्टने एनसीएईआर या संशोधन संस्थेकडून २००९ साली १३ ते ३५ वयोगटातील तरुणांच्या वाचनाची देशव्यापी पाहणी करून घेतली होती. त्या वेळी देशात सुमारे ३३ कोटी साक्षर तरुण होते आणि त्यांपैकी अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके वाचणारे सव्वाआठ कोटींच्या आसपास, म्हणजे चारांत एक, निघाले. स्वस्त इंटरनेट गावागावांत पोहोचले ते २०१६ नंतर. याचा अर्थ, चारांतले तीन साक्षर तरुण पुस्तकापासून दूर होते ते हातात स्मार्टफोन येण्याच्या आधीपासूनच. ही पाहणी जुनी आहे आणि तिच्यावरून आजचा आकडा काढता येणार नाही, हे मान्य. पण ‘पूर्वी सगळे वाचत’ हा दावा तपासण्यासाठी जुनीच पाहणी लागते. ‘आज एकही नाही’ या वाक्याला तर मजकुरात कसलाच आधार दिलेला नाही.

मेंदूविषयीच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारणार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांची एकत्र पडताळणी करणाऱ्या संशोधनात माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले. कथनपर मजकुरात मात्र तसा फरक आढळला नाही. यातून फार तर छापील पुस्तके घ्यावीत असा निष्कर्ष निघतो. मेंदू निकामी होण्याचा यात कुठे संबंधही नाही, आणि खरेदी बंद करण्याचा तर मुळीच नाही.

खरा संताप येतो तो शेवटच्या मुद्द्याचा. सीमाभागातील मुलांना मराठी पुस्तक नको आहे, असे म्हणणाऱ्याने त्या मुलांपर्यंत कोणते पुस्तक पोहोचते ते पाहिले आहे का? वर सांगितलेल्या पाहणीत विरंगुळ्याच्या वाचनासाठी तरुणांनी पसंत केलेल्या भाषांत हिंदीनंतर दुसरा क्रमांक मराठीचा होता, सुमारे १३ टक्के. इंग्रजी ५ टक्क्यांच्या आसपास होती. आवड होती, हे यावरून स्पष्ट आहे. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. घरी मराठी बोलणारा मुलगा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेला की मराठी पाठ्यपुस्तक त्याच्या हातून सुटते, वाचनाचा वेग मंदावतो आणि जाड कादंबरी त्याला जड वाटू लागते; गावात पुस्तकाचे दुकान नसते; आणि जे वाचनालय असते, ते तो कामावरून किंवा कॉलेजमधून परतण्याच्या आत बंद झालेले असते. अशा मुलाला ‘वाचत नाही’ म्हणून दोष देणे अन्यायाचे आहे. त्यातच खरेदी थांबवली, तर कपाटात जुनीच पुस्तके राहतील, सभासद आणखी घटतील, आणि दोन वर्षांनी तीच घट ‘पाहा, कोणी येत नाही’ म्हणून पुढे केली जाईल.

कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील साहित्य संमेलनांची ग्रंथदिंडी तरुण मुलामुलींच्या बळावर निघते. दिंडीत चालणारा प्रत्येक जण वाचक असतो असा माझा दावा नाही. स्पर्धा परीक्षेसाठी वाचनालयात सकाळपासून बसणारी मुलेही बहुतेक परीक्षेचीच पुस्तके वाचतात. परंतु पुस्तकांच्या जवळ आलेल्या या मुलांना पुढचे पुस्तक देण्याचे काम वाचनालयाचे आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. त्या काळी लिहिता-वाचता येणारेच मोजके होते. वाचकांची संख्या पाहून निर्णय घ्यायचा असता, तर ते सुरूच झाले नसते.

मामांना आणि समितीला माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीत खरेदीचा विषय पुन्हा घ्यावा आणि त्याआधी देवघेवीची वही उघडून कोणत्या वयाच्या सभासदांनी गेल्या वर्षी काय नेले ते पाहावे. तरुणांची नावे कमी आढळली, तर वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे, आणि यंदाच्या रकमेतील निम्मी पुस्तके गावातील कॉलेजच्या मुलामुलींना बेळगावला सोबत नेऊन त्यांच्याच निवडीने घ्यावीत.