‘हाल’ हलाहलातून आलेला नाही

आमच्या नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘हाल’ हा हलाहल विषाचा अपभ्रंश, म्हणून त्याचा अर्थ मरणप्राय त्रास. ऐकायला छान आहे, पण खरं नाही.

हलाहल संस्कृतातलं, समुद्रमंथनातलं. ‘हाल’ मात्र अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. मूळ अर्थ फक्त स्थिती, बरी किंवा वाईट. बर्डीवर पानठेल्यावाला ‘क्या हाल है?’ विचारतो तेव्हा तो आपल्या यातना मोजत नसतो. मराठीत मात्र एकटा ‘हाल’ आला की बहुधा वाईटच स्थिती, आणि तीही अनेकवचनात: मे महिन्यात कूलर बंद पडला की ‘हाल झाले’, कुणी ‘हाल झाला’ म्हणत नाही. फारच झालं तर ‘हाल कुत्रा खाईना’. (यात कुत्र्याचा काय दोष, देव जाणे.)

जोडशब्दांत जुना अर्थ अजून शाबूत आहे. ‘खुशाल’ म्हणजे खुश-हाल. नोकरीवर ‘बहाल’ होणं म्हणजे पूर्वस्थितीवर येणं. आणि ऑफिसात आपण जो ‘अहवाल’ लिहितो, ते अरबीत ‘हाल’चंच अनेकवचन.