खुलासा: ‘एक रात्र झोपलं की जेट लॅग जातो’ हे खरं नाही

‘खेळाडूंचा जेट लॅग ही निव्वळ सबब, एक रात्र गाढ झोपलं की झालं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. जेट लॅग म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर शरीराचं घड्याळ नव्या ठिकाणच्या वेळेशी न जुळणं. झोपेनं प्रवासाचा शीण जातो. शरीराचं घड्याळ मात्र दिवसाला साधारण एकच तास सरकतं. डिसेंबरात मेलबर्नला सकाळी साडेदहाला कसोटी सुरू होते, तेव्हा मुंबईहून कालच पोचलेल्या फलंदाजाच्या शरीरात पहाटेचे पाच वाजलेले असतात. शरीराचं तापमान तेव्हा अगदी खाली असतं, हालचाली मंदावलेल्या असतात.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९२ ते २०११ मधले अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचे ४६ हजारांहून अधिक सामने तपासले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. पूर्वेकडच्या प्रवासाचा फटका जास्त दिसला. आपलं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं; आणि पूर्वेकडे गेलं की लवकरच झोपावं लागतं. आणि मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे, की दौऱ्यावरून आपल्याच मैदानावर परतलेले यजमानही धावून बेस (मैदानावर फलंदाजाने गाठायचे ठरावीक टप्पे) मिळवण्यात कमी पडले.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.