रेड सीडरचा सुगंध, त्याची भुकटी आणि दमा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. वेस्टर्न रेड सीडर या उत्तर अमेरिकेतल्या झाडाच्या लाकडावरच्या लेखात मी ‘हे लाकूड घासताना चांगला मास्क हवाच’ असं ठासून लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लाकूड नैसर्गिक आहे, सुगंधी आहे, त्याच्या सौना (गरम हवेच्या स्नानाच्या खोल्या) बांधतात, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लोक पिढ्यानपिढ्या त्यातून होड्या कोरत आले, मग ते घातक कसं? धूळ काय, कुठल्याही लाकडाची वाईटच. आणि दमा होतो तो आधीच ॲलर्जी असलेल्यांना किंवा सिगारेट ओढणाऱ्यांना. शिवाय ‘थुजोन’ नावाच्या विषाबद्दल मी गप्प बसलो, असाही ठपका आहे. लाकूड निरुपद्रवी आणि त्यातच विष, हे दोन्ही एका प्रतिक्रियेत कसं मावलं हे कळलं नाही, पण असो.

थुजोनचं आधी उरकतो. ते या झाडाच्या पानांत असतं, पानांपासून काढलेल्या तेलात तर भरपूर. फळ्या निघतात त्या खोडाच्या गाभ्यातून, आणि गाभ्याचं रसायन निराळं आहे. म्हणून लेखात थुजोन आलं नाही.

आता गाभ्याकडे. तुमच्या प्रतिक्रियेतला खरा घोळ मला इथे दिसतो. ‘सीडरमधलं द्रव्य’ असं एकच काहीतरी आहे आणि ते एक तर चांगलं असेल नाही तर वाईट, असं तुम्ही धरून चालला आहात. गाभ्यात निदान तीन वेगळी प्रकरणं आहेत. पहिलं वासाचं : मिथाइल थुजेटसारखी उडून जाणारी द्रव्यं, ज्यांच्यामुळे नुसती फळी कापली तरी खोली दरवळते. दुसरं थुजाप्लिसिनचं. हे सात कार्बनच्या कड्याचे रेणू, बुरशीचे कट्टर वैरी. त्यांच्यातलाच बीटा-थुजाप्लिसिन जपानी रसायनशास्त्रज्ञ तेत्सुओ नोझोए यांनी १९३६ मध्ये तैवानच्या हिनोकी झाडातून काढला होता, हिनोकिटिऑल या नावाने. रेड सीडर उघड्यावर पावसात वर्षानुवर्षं टिकतं त्यात या मंडळींचा मोठा वाटा. पण हे फक्त गाभ्यापुरतं. सालीलगतचं फिकट लाकूड इतर कुठल्याही मऊ लाकडासारखं कुजतं.

तिसरं प्लिकॅटिक आम्ल. ते उडून जात नाही, नाकाला कळत नाही आणि पाण्यात विरघळतं. पांढऱ्या रंगाखाली सीडरच्या फळ्या असतील आणि अस्तर नीट दिलेलं नसेल, तर पहिल्या पावसानंतर रंगावर चहासारखे तपकिरी ओघळ उतरतात. ते गाभ्यातल्या अशाच विद्राव्य द्रव्यांचे. साधा लोखंडी खिळा ठोकला तर त्याच्याभोवती निळसर काळा डाग पसरतो, तोही याच जातीच्या द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन. म्हणूनच या लाकडाला स्टेनलेस स्टीलचे खिळे लावतात.

दम्याचं मुख्य कारण हे तिसरं प्रकरण आहे. तुम्हाला आवडतो तो सुगंध नव्हे. त्यामुळे ‘इतका छान वास असलेलं लाकूड’ हा युक्तिवाद मूळ मुद्द्याला शिवतच नाही.

आता सौना. हे लाकूड वजनाला अतिशय हलकं, घनमीटरला साधारण साडेतीनशे किलो. आत हवाच हवा, म्हणून उष्णता सावकाश वाहते आणि तापलेल्या खोलीतही बाकावर उघड्या अंगाने बसता येतं. त्यात राळेच्या नळ्या नसतात, त्यामुळे चिकट राळ पाझरत नाही. वाळताना आकसतंही कमी. सौनासाठी निवड अगदी योग्य आहे, आणि लेखात मी त्याविरुद्ध एक शब्दही लिहिलेला नाही. घडून तयार झालेल्या फळीतलं प्लिकॅटिक आम्ल फळीतच राहतं. फुप्फुसात जायला त्याला भुकटीचं वाहन लागतं, आणि ते वाहन आपण देतो सँडरने, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राने.

होड्यांचंही तसंच. त्या किनाऱ्यावरच्या हैदा या मूळ रहिवाशांनी आणि त्यांच्या शेजारच्या लोकांनी रेड सीडरच्या अखंड खोडातून समुद्रात जाणाऱ्या होड्या कोरल्या, सालीच्या चटया विणल्या, खांब उभे केले. पण वाकसाने तासलं की ढलप्या आणि छिलके निघतात, तेही मोकळ्या हवेत. बंद शेडमध्ये विजेच्या सँडरखाली उडणारं पीठ ही वेगळीच चीज. शिवाय त्या काळच्या कारागिरांची छाती तपासून कुणी नोंदी ठेवल्या नव्हत्या. आजारच नव्हता असं त्यावरून कसं म्हणणार?

नोंदी झाल्या त्या विसाव्या शतकात, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लाकडाच्या गिरण्यांत, आणि तिथल्याच व्हँकुव्हर शहरातल्या डॉक्टर मोइरा चॅन-युंग यांच्या गटाने त्यावर अनेक वर्षं काम केलं. रोज ही भुकटी हुंगणाऱ्या शंभरात साधारण पाच जणांना दमा जडतो. तुमच्या ‘ॲलर्जीवाले आणि सिगारेटवाले’ या मुद्द्याचं उत्तरही तिथेच आहे : रुग्णांत बहुसंख्य सिगारेट न ओढणारे निघाले, आणि आधीची ॲलर्जी असणं हा काही धोक्याचा ठळक घटक ठरला नाही. नेहमीच्या ॲलर्जीत रक्तात जी आयजीई प्रतिपिंडं शोधतात, ती इथे निम्म्याहून कमी रुग्णांत सापडतात. म्हणजे रक्ततपासणी कोरी आली तरी सुटलो असं नाही.

आणि हा दमा फसवा आहे. बऱ्याच जणांना दिवसभर काम करताना काहीच होत नाही. संध्याकाळी उशिरा खोकला सुरू होतो, रात्री छाती घरघरते, दोन-अडीच वाजता उठून बसावं लागतं. माणूस म्हणतो थंडी बाधली, उशी बदलतो, पंखा बंद करतो. लाकडावर संशय जात नाही, कारण लाकडाजवळ तर तो ठणठणीत होता. सुट्टीत बरं वाटतं, काम सुरू झालं की पुन्हा तेच. पुढे पुढे सुट्टीही पुरत नाही. निदान उशिरा झालं तर काम सोडल्यावरही अर्ध्याहून अधिक जणांचा दमा पूर्ण जात नाही. माझा सूर तुम्हाला घाबरवणारा वाटला, तो या एका गोष्टीमुळे.

‘धूळ सगळीच वाईट’ हे अर्धं खरं. लाकडाची भुकटी कर्करोगकारक गटात आहेच, १९९५ पासून. पण अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेने इतर लाकडांसाठी घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली, तर रेड सीडरसाठी ०.५. वेगळी ओळ उगाच लिहिली नसेल ना?

तुम्ही शेवटी विचारलंत की फळ्या आणून ठेवल्यात, त्या टाकून द्यायच्या का. मुळीच नाही. शक्य तितकं काम धारदार रंध्याने करा, छिलके निघतील, पीठ कमी उडेल. सँडर चालवायचाच तर धूळ ओढणारं यंत्र जोडून आणि उघड्यावर. मास्क एन-९५ किंवा वरच्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. रुमाल बांधून भागत नाही. नंतर झाडू मारू नका, व्हॅक्यूम लावा किंवा ओल्या फडक्याने पुसा. आणि काम केलेल्या दिवसांच्या रात्री खोकला येऊ लागला, तर डॉक्टरांना लाकडाचं नाव आणि खोकल्याची वेळ दोन्ही सांगा. दमा ठरलाच, तर मास्क लावून हेच लाकूड घासत राहणं हा उपाय नाही. मग फळ्या दुसऱ्या कुणाकडून घासून घ्या.